बेळगावच्या हवेत फ्युशियाची कोणती जात टिकते

फोटो बघून फ्युशिया (झुमक्यासारख्या लोंबत्या फुलांचं शोभेचं झुडूप) आणला, तर बेळगाव भागात तो बहुधा मे महिना ओलांडत नाही. यात झाडाचा दोष कमी आणि निवडीचा जास्त असतो. बाजारात फ्युशियाचे हजारो संकर आहेत. त्यांतले बहुतेक इंग्लंड, फ्रान्स किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, गार आणि ओलसर उन्हाळ्यासाठी तयार झाले. आपल्याकडं जात ठरवताना रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते उन्हाळ्यातली दुपार किती तापते, रात्र किती गार पडते आणि दिवस किती तासांचा असतो. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही सुचतात. तिसरी कुणी धरत नाही आणि फसगत तिथंच होते.

दिवस किती तासांचा

नर्सरीत दिसणाऱ्या बहुतेक संकरांचा मूळ पुरुष म्हणजे फ्युशिया मॅजेलॅनिका. ही चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडची जात. तिकडं उन्हाळ्यात दिवस खूप लांब असतो आणि हवा थंड असते. त्यामुळं या वंशातल्या झाडांना कळी धरायला साधारण बारा तासांहून मोठा दिवस लागतो. बेळगाव आहे 16 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली. इथं जूनमधला सगळ्यात मोठा दिवस 13 तासांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस सव्वाअकरा तासांचा. म्हणजे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, हवा अगदी मनासारखी असताना, ही झाडं नुसती पानं आणि फांद्या काढत बसतात. खत कमी पडलं असं समजून आणखी खत घातलं, की पानं माजतात आणि फूल लांबच राहतं.

फ्युशिया ट्रायफिलाची गोष्ट वेगळी आहे. ही कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावरची जात. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ती सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथं सापडली. 1703 मध्ये त्यानं तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या नावावरून तिला फ्युशिया हे नाव दिलं. हे बेट साधारण 18 ते 20 अंश अक्षांशात, म्हणजे आपल्यासारख्याच पट्ट्यात येतं. तिथल्या दिवसाची लांबी वर्षभरात फार बदलत नाही. म्हणून ट्रायफिलाचे संकर दिवस मोजत बसत नाहीत. ऊब मिळाली, थोडं ऊन मिळालं की फुलतात. इतर फ्युशियांना 27-28 अंशांच्या पुढं त्रास व्हायला लागतो, त्या मानानं ट्रायफिला जास्त उष्णता सोसते. नवख्यानं या भागात ट्रायफिलाशिवाय दुसरं काही घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॅटलॉगमधल्या 'हार्डी' या शब्दावर जाऊ नका. परदेशी कॅटलॉगात हार्डी म्हणजे बर्फ आणि गोठवणारी थंडी सोसणारी जात. 'मिसेस पॉपल' किंवा 'टॉम थम' त्या अर्थानं हार्डी आहेत. अथणीच्या एप्रिलशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. उलट ट्रायफिला तिकडं 'नाजूक' गटात मोजतात, कारण थंडीत ती मरते. आपल्याकडं तेवढी थंडी पडतच नाही.

गाव कुठलं, त्यावर बरंच अवलंबून

बेळगाव शहर, हिंडलगा, काकती हा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. मार्च ते मे दुपारी पारा पस्तीसच्या पुढं जातो, पण रात्री बऱ्यापैकी उतरतो. फ्युशियाला वाचवते ती ही रात्र. दिवसा मलूल झालेलं झाड रात्री गारव्यात सावरतं. टिळकवाडी किंवा कॅम्पातल्या जुन्या घरांना मोठी झाडं आणि पूर्वेची पडवी असते. अशी जागा असेल तर ट्रायफिला हमखास आणि बाकीच्यांतल्या काही जाती खटपट करून जमतात.

इथं एक संधी आहे, ती सहसा कुणी घेत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये बेळगावात दिवसाचं तापमान 25-26 अंशांवर येतं, आणि तेव्हाच दिवस साडेबारा ते तेरा तासांचा असतो. मॅजेलॅनिका वंशाच्या झाडांना वर्षभरात हवी ती हवा आणि हवा तेवढा दिवस एकत्र मिळतो तो याच दोन महिन्यांत. अडचण फक्त पावसाची. कुंडी पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्र्याखाली, दोन बाजू मोकळ्या ठेवून मांडली, तर 'स्विंगटाइम'सारखी दुरंगी जात श्रावणात फुलते. उन्हाळ्यात लावलेलं शेडनेट (सावलीची जाळी) त्या काळात काढून टाका. ढगाळ हवेत उजेड आधीच कमी असतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि पलीकडं जोयडा या बाजूला गारवा आणि झाडी दोन्ही आहेत, पण पाऊस अंगावर येणारा. उघड्यावर जमिनीत लावलेला फ्युशिया तिथं आर्द्रा नक्षत्रातच मुळांपासून कुजतो. छपराखालची टांगती कुंडी हाच उपाय. घरापुढच्या कौलांच्या पागोळीखाली मात्र टांगू नका. धार थेट मातीवर पडते, माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडं फक्त ट्रायफिला, तीही उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत.

अथणी, रायबाग, गोकाक आणि तिकडं बिदर-भालकीकडं फ्युशिया, म्हणजे ट्रायफिलाच, हंगामी झाड म्हणून आणावा. दसऱ्यानंतर आणायचा, मार्चपर्यंत फुलं बघायची, पुढं जगला तर नफा. तिकडच्या बोअरच्या जड पाण्यानं पानं पिवळी पडतात ती वेगळीच. कारवारच्या किनाऱ्यावर नादी लागू नये. तिथं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्रही दमटच राहते आणि झाडाला सावरायला वेळच मिळत नाही.

जाती

ट्रायफिला गटात 'गार्टनमाइस्टर बोनस्टेट' पहिली. 1905 मधली जर्मन जात. फुलं शेंदरी-लाल, पानं गडद तांबूस-हिरवी आणि खालून जांभळट. झाड सरळ उभं, दोन ते तीन फूट उंचीचं. त्याच वर्षीची 'थालिया' दिसायला जवळजवळ तशीच, दुकानात दोन्हींची सरमिसळ कायम चालते. फरक हवा असेल तर नळी बघा. गार्टनमाइस्टरची नळी मधे किंचित फुगलेली असते, थालियाची सडपातळ. फरक कळला नाही तरी बिघडत नाही, निगा दोन्हींची सारखीच. 'कोराले' केशरी-सामन रंगाची, 'मेरी' भडक लाल, 'बिली ग्रीन' सामन-गुलाबी आणि फिक्या पानांची. गडद पानांच्या जाती सकाळचं ऊन जरा जास्त सोसतात.

या गटाची फुलं घागऱ्यासारखी पसरट नसतात. लांब नळ्यांचे घोस फांदीच्या टोकाला लोंबतात. फ्युशिया म्हटलं की डोळ्यांपुढं येणारा दुरंगी झुमका हवा असेल, तर ट्रायफिला बघून थोडी निराशा होईल. पण शिंजीर पक्ष्यांना या नळ्या आवडतात आणि फूल गळेपर्यंत रंग फिका पडत नाही.

दुरंगी झुमकाच हवा, तर एकेरी फुलाची जात घ्या. एकेरी फुलाला चार पाकळ्या असतात, अर्धदुहेरीला पाच ते सात, दुहेरीला आठ किंवा जास्त. दुहेरी फूल फोटोत देखणं दिसतं, पण दमट हवेत त्याच्या चुण्यांमध्ये पाणी साचतं, राखाडी बुरशी येते आणि ते फांदीवरच कुजतं. एकेरी फूल आपोआप गळून पडतं. 'मरिंका' ही 1902 ची लोंबणारी लाल जात टांगत्या कुंडीला चांगली. 'टॉम थम' जेमतेम फूटभर उंच, खिडकीच्या कट्ट्यावर बसणारी. दुहेरीतच जीव अडकला असेल तर 'डॉलर प्रिन्सेस' घ्या. ती 1912 ची फ्रेंच जात आहे, फूल लहान आहे आणि लवकर फुलते. लाल निदल (पाकळ्यांच्या बाहेरचं रंगीत आवरण) आणि पांढऱ्या पाकळ्यांची 'स्विंगटाइम' दुहेरींमध्ये काटक मानली जाते. सुंटोरी या जपानी कंपनीची 'एंजल इयररिंग्ज' ही मालिका मुद्दाम उष्णतेसाठी काढलेली आहे. मिळाली तर घ्यावी.

'ॲनाबेल'सारख्या पांढऱ्या दुहेरी जाती सोडून द्या. पाण्याचा थेंब पडला तरी डाग, ऊन लागलं तरी कडा तपकिरी. पांढरी निदलं आपल्या उजेडात गुलाबी होतात आणि मग वाटतं की भलतीच जात दिली.

विकत घेताना

नर्सरीत नावाची चिठ्ठी सहसा नसते. 'डबल पिंक', 'झुमकेवाला' एवढ्यावर काम चालतं. म्हणून झाड ओळखता यायला हवं. ट्रायफिलाचे फुलांचे घोस फांदीच्या शेंड्याला असतात. इतर संकरांची फुलं पानांच्या बेचक्यातून एकेक-दोनदोन निघतात. ट्रायफिलाची नळी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, पाकळ्या बारीक, पान उलटं केलं की बहुधा जांभळी झाक. बाकीच्यांत एकेरी की दुहेरी हे कळीवरून कळतं. बारीक, टोकदार कळी एकेरीची, गोल टपोरी दुहेरीची. झुमका जास्वंदही कधी कधी फ्युशिया म्हणून दाखवली जाते. फ्युशियाची पानं समोरासमोर किंवा एका पेरावर तीन-तीन, निदलं चार आणि पुंकेसर आठ. जास्वंदीत यातलं काहीच नाही.

बियांचं पाकीट घेऊ नका. संकराच्या बीमधून तीच जात येत नाही. निळ्याभोर फुलांचं चित्र असलेलं पाकीट तर सरळ फसवणूक आहे.

ऑनलाइन मागवलेली रोपं बहुतेक उटी किंवा कालिंपाँगसारख्या थंड भागातली असतात. मागवायची वेळ दसरा ते कार्तिक. मार्च ते मे या दिवसांत कुरियरच्या खोक्यात झाड शिजून येतं. रोप आलं की खोकं उघडून सावलीत ठेवा, कळ्या आणि फुलं खुडून टाका आणि आठवडाभर कुंडी बदलू नका. पानं गळली म्हणून घाबरू नका. दांडी नखानं खरवडली आणि आत हिरवं दिसलं, तर झाड जिवंत आहे. घेताना पानाची खालची बाजू बघायला विसरू नका. नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा, पांढरी उडणारी चिलटं म्हणजे पांढरी माशी. असं रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नये.

कुंडी आणि माती

जमिनीत लावायचा विचार या भागात सोडा. अथणी-रायबागची काळी माती पाणी धरून ठेवते, खानापूरची तांबडी माती पावसात घट्ट बसते. कुंडीच बरी, कारण ती ऋतूप्रमाणं हलवता येते.

दहा इंची मातीची कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. काळी प्लॅस्टिकची पिशवी उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. प्लॅस्टिकची कुंडी वापरायचीच असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा आणि मधली फट कोकोपीटनं (नारळाच्या काथ्याच्या भुशानं) भरा.

मिश्रण मापानं: कोकोपीट तीन भाग, गांडूळखत दोन भाग, जळकं तूस दोन भाग, चाळलेली तांबडी माती एक भाग, वर एका कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, नाहीतर त्यातल्या मिठानं पानांच्या कडा जळतात. तूस भातगिरणीजवळ किंवा चुरमुऱ्याच्या भट्टीवर मिळतं. त्यातलं काळं, अर्धवट जळलेलंच घ्यायचं. पांढरी राख घेऊ नका, ती अल्कधर्मी असते आणि फ्युशियाला किंचित आम्ल माती लागते. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, पण भोक बुजवू नका.

खत थोडं पण नेमानं. वाढीच्या काळात 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, दर दहा दिवसांनी. कळ्या दिसू लागल्या की 13:0:45 (पालाश जास्त असलेलं खत) त्याच प्रमाणात. कोरड्या मातीत खताचं पाणी घालू नये, आधी साधं पाणी.

वर्षाचा क्रम

दसऱ्याच्या सुमारास जुन्या झाडाची एक तृतीयांश छाटणी करून नवी माती भरा. नव्या फांदीला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. असं दोन-तीनदा केलं की झाड भरगच्च होतं. शेवटच्या खुडणीनंतर एकेरी जात सहा ते आठ आठवड्यांत, दुहेरी आठ ते दहा आणि ट्रायफिला बारा आठवड्यांच्या आसपास फुलते. तेवढे दिवस मागं मोजून खुडणी थांबवा. संक्रांतीला ट्रायफिलाची फुलं हवी असतील तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर शेंड्याला हात लावायचा नाही.

हिवाळ्यात दुरंगी जाती फुलवायच्या असतील तर दिवस लांबवावा लागतो. झाडाच्या वर तीन फुटांवर 9 वॉटचा एलईडी बल्ब टांगा आणि सूर्य मावळल्यापासून रात्री दहापर्यंत रोज चालू ठेवा. तीन-चार आठवडे खंड पडू देऊ नका. नंतर कळ्या दिसायला लागतात. एखाद्या झाडासाठी हा खटाटोप परवडतो, दहा कुंड्यांसाठी नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन द्या. मार्च लागला की 50 टक्के शेडनेटखाली किंवा घराच्या उत्तरेला हलवा. मार्चअखेर एक तृतीयांश छाटा, खत बंद करा. उन्हाळ्यात फुलांची अपेक्षा ठेवू नये, झाड जगवायचं एवढंच. वळवाच्या पावसात वाऱ्यानं आणि गारांनी फांद्या मोडतात. फ्युशियाची फांदी ठिसूळ असते, म्हणून त्या दिवसांत टांगत्या कुंड्या खाली उतरवलेल्या बऱ्या. मृग सुरू झाला की सगळं छपराखाली.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त झाडं पाण्यानं मरतात, आणि तीही उन्हाळ्यात. दुपारी उष्म्यानं पानं लोंबतात, बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो पाणी ओततो. माती आधीच ओली असते, मुळं तापलेली असतात, त्यात हवा कोंडते आणि कूज सुरू होते. मग मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड आणखी लोंबतं, आणि आणखी पाणी पडतं. म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत घाला किंवा कुंडी उचलून वजन बघा. ओली असेल तर पाणी नको. कुंडी सावलीत न्या आणि भोवतालच्या फरशीवर पाणी शिंपडा. संध्याकाळी झाड उभं राहिलं तर मुळं शाबूत आहेत. सकाळीही लोंबलेलंच असेल तर मुळं गेली. अशा वेळी निरोगी शेंड्यांच्या फांद्या कापून लावणं हाच मार्ग उरतो.

पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो येतोच. पानांच्या खालच्या बाजूनं सकाळी पाण्याचा फवारा मारा, दोन दिवसांआड. गंधकाची फवारणी उन्हाळ्यात करू नका, पानं भाजतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडं साबणाचं पाणी. फवारणी ऊन उतरल्यावरच.

तांबेऱ्याची पानं खुडून जाळा, कंपोस्टात टाकू नका. पाणी देताना पानं भिजवू नका. पावसाळ्यात गळलेली फुलं कुंडीतून रोज उचला, राखाडी बुरशी तिथूनच चढते. फूल गेल्यावर मागं राहणारं छोटं फळही काढा. बी धरायला लागलं की नवी कळी मंदावते. फळ खाता येतं, चव मात्र बेताचीच.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता. अथणी-रायबागच्या जड पाण्यात हे हमखास. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घालून पानांवर फवारा, आणि शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून फ्युशियापुरतं तेच वापरा.

जात जमली की तिची फांदी लावून ठेवा. वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. कळी नसलेला, तीन-चार इंचांचा कोवळा शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची आणि कोकोपीट व जळकं तूस निम्मे-निम्मे घेऊन त्यात खोचायचा. वर पारदर्शक डबा पालथा घाला आणि रोज थोडा वेळ उघडा. तीन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात, मुळं फुटण्यासाठीची पावडर लागतही नाही. मे महिन्यात मोठ्या झाडापेक्षा ही लहान रोपं घरात, खिडकीच्या उजेडात सांभाळणं सोपं जातं. म्हणून प्रत्येक जातीची निदान दोन रोपं तयार ठेवावीत.